पान फिरत राहतं तेव्हा

परवा एका क्लासच्या वेबसाइटवरचा घोळ निस्तरत होतो. फी भरली की पान बराच वेळ गोल गोल फिरायचं. पालक वैतागून पुन्हा बटण दाबायचे आणि दोन-दोन पावत्या यायच्या.

पीडीएफ बनवणं, मेल, एसएमएस, सगळं एकाच रिक्वेस्टमध्ये कोंबलं होतं. एनजिनएक्स मागच्या सर्व्हरच्या उत्तराची वाट मुळात 60 सेकंदच बघतो. मेल सर्व्हर रेंगाळला की पानावर थेट 504.

अशी कामं मागे ढकलायची. जँगोत मी सेलरी वापरतो. व्ह्यूनं नोंद करायची, काम रेडिसच्या रांगेत टाकायचं आणि लगेच उत्तर द्यायचं. वेगळा चालणारा वर्कर ते उचलतो. हॉटेलात वेटर ऑर्डर आत सांगून पुढच्या टेबलाकडे वळतो, तसंच.

इथे एक खाच आहे, तिच्यात माझा अख्खा दिवस गेला. ट्रान्झॅक्शन पुरं होण्याआधीच काम रांगेत गेलं, तर वर्करला डेटाबेसमध्ये ती नोंद सापडतच नाही! कधी चालतं, कधी नाही. म्हणून जँगोचं 'ऑन कमिट' वापरा. रांगेत अख्खा ऑब्जेक्ट न टाकता फक्त आयडी द्या.

आणि तेच काम दोनदा चालू शकतं, हे धरूनच कोड लिहा. पावती आधीच गेली आहे का, हे पेमेंटच्या आयडीवरून तपासा. नुसत्या रांगेनं दुहेरी पावती थांबत नाही.

तुमचं कुठे अडत असेल तर बिनधास्त विचारा. एररचा पूर्ण मजकूर मात्र सोबत टाका.