कुबेराचे पहारेकरी

दिल्लीत संसद मार्गावर रिझर्व्ह बँकेच्या दाराशी दोन अवाढव्य दगडी मूर्ती आहेत: यक्ष आणि यक्षिणी. यक्ष हे कुबेराच्या खजिन्याचे राखणदार. बँकेला याहून शोभणारे द्वारपाल कुठले मिळणार?

सरकारी इमारतींच्या निमित्ताने भारतीय कलावंतांना काम मिळावं, असं नेहरूंचं मत होतं. त्यातून ही कामगिरी शांतिनिकेतनच्या रामकिंकर बैज यांच्याकडे आली. त्यांनी मथुरेच्या संग्रहालयातला परखम यक्ष आणि कोलकात्याच्या संग्रहालयातली बेसनगर यक्षिणी नजरेसमोर ठेवली. मात्र यक्षाच्या हाती उद्योगाचं प्रतीक म्हणून दातेरी चाक दिलं. यक्षिणी झाली शेतीच्या समृद्धीचं प्रतीक. मूर्ती पुऱ्या व्हायला दहाहून अधिक वर्षं लागली.

बँका नवी कला घडवून घेतात, तसा जुना ठेवाही जपतात. मुंबईत फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेच्या संग्रहालयाचं उद्घाटन २००४ मध्ये झालं. तिथे प्राचीन नाण्यांपासून कागदी नोटांपर्यंतचा प्रवास दिसतो. ठसे मारून घडवलेल्या प्राचीन आहत नाण्यांवर ना सन, ना राजाचं नाव. फक्त सूर्य, झाड, प्राणी असे ठसे. अभ्यासकांना काळ ओळखायला या ठशांची मोठी मदत होते. म्हणून झिजलेलं नाणंही जपून ठेवावं लागतं.