सत्तांतर आणि भुयारी मेट्रो

राज्यात सरकार बदलले की आधीच्या सरकारच्या प्रकल्पांचे काय होते, याचा धडा कुलाबा-वांद्रे-सीप्झ या ‘मेट्रो ३’ मार्गिकेने घालून दिला आहे. ३३.५ किलोमीटर लांबीची ही मुंबईतील पहिली भुयारी मेट्रो. ती उभारणाऱ्या ‘मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशन’मध्ये केंद्र व राज्य सरकारचा निम्मा-निम्मा वाटा असून मोठे कर्ज जपानच्या ‘जायका’ या संस्थेचे आहे. साहजिकच भुयारे व डबे यांचे करार सत्तांतराने मोडले नाहीत. मात्र दोन गोष्टी राज्य सरकारच्या हाती होत्या : जमीन आणि अधिकाऱ्यांची नेमणूक. बदलाचा फटका नेमका तेथेच बसला.

गाड्यांची धुलाई, तपासणी व दुरुस्ती कारशेडमध्ये होते. त्याशिवाय मेट्रो नियमित धावू शकत नाही. आरे येथील कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली आणि जनक्षोभ उसळला. नोव्हेंबरमध्ये सत्तेवर आलेल्या उद्धव ठाकरे सरकारने काम थांबविले. जानेवारी २०२० मध्ये व्यवस्थापकीय संचालक अश्विनी भिडे यांची बदली झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचा निर्णय झाला. परंतु त्या जागेवर केंद्राने मालकी सांगितली आणि डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जमीन हस्तांतरणास स्थगिती दिली. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे सरकार आले, कारशेड आरेत परतले आणि भिडेही पूर्वपदी परतल्या.

ऑगस्ट २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने खर्च २३,१३६ कोटींवरून ३३,४०५ कोटींवर नेण्यास मान्यता दिली. ही सारी वाढ केवळ वादामुळे झाली, असे म्हणता येणार नाही. पण कालहरणाची किंमत मोजावी लागतेच. राज्याचा वाटा राज्याच्या तिजोरीतून जातो. म्हणजे मुंबईकराइतकाच तो कळंब्याच्या करदात्याचाही असतो.

आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये, तर कफ परेडपर्यंतची संपूर्ण मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली. पर्यावरणाचा आक्षेप गैर नव्हता आणि निवडून आलेल्या सरकारला धोरण बदलण्याचा अधिकारही आहे. मात्र जागेची मालकी, झाडे व पर्यायी भूखंड यांचा निवाडा भुयार खणण्यापूर्वी व्हायला हवा. जमिनीखाली काम पुढे सरकत असताना जमिनीवर वाद चालू राहिला, तर त्याची भरपाई अखेर प्रवासी आणि करदातेच करतात.