अनोळखी चिन्हाचे बीजगणित

'अ △ ब = २अ − ब असेल, तर ५ △ (३ △ ४) = किती?' असा प्रश्न परीक्षेत आला की बीजगणितात चांगली गती असलेले विद्यार्थीही बिचकतात. बाहेर आल्यावर त्यांची तक्रार ठरलेली असते : "सर, हे चिन्ह आपल्याला शिकवलेच नव्हते." ते खरेच आहे; हे चिन्ह कोणालाच शिकवलेले नसते. ते त्या प्रश्नापुरते जन्माला येते आणि पुढच्या प्रश्नात त्याचा अर्थ बदलूही शकतो. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीतील '+ म्हणजे ×' हे त्याचेच धाकटे भावंड. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात अशा क्रियांवर स्वतंत्र भाग होता; २०२२ मध्ये आशय कमी करताना तो वगळला गेला. म्हणजे आता ही ओळख शिक्षकांनीच करून द्यायची.

मार्गदर्शक पुस्तके अशा प्रश्नांचे 'प्रकार' पाडून ते पाठ करायला लावतात. आमच्या मते हा उद्योगच उलटा आहे. चिन्ह म्हणजे केवळ एक हुकूम : डावीकडच्या संख्येची दुप्पट करा, तीतून उजवीकडची संख्या वजा करा. विद्यार्थ्याने हा हुकूम आधी शब्दांत लिहावा आणि मग २( ) − ( ) असे रिकामे कंस मांडून त्यांत संख्या भराव्यात. कंस असले की (−३) △ (−४) = २(−३) − (−४) = −२ येथे उणे चिन्ह हरवत नाही. वरच्या प्रश्नात ३ △ ४ = २ आणि ५ △ २ = ८. कंसाकडे दुर्लक्ष करून डावीकडून सुरुवात केली तर ७ △ ४, म्हणजे १० मिळतात. आणि बहुपर्यायी प्रश्नात १० हा पर्याय बहुधा हजर असतो!

ही चूक आळसाची नाही, सवयीची आहे. बेरीज-गुणाकारात अदलाबदल चालते, ती येथेही चालेल असे मूल गृहीत धरते. क्ष △ ३ = ३ △ क्ष हे समीकरण सोडवायला द्या. २क्ष − ३ = ६ − क्ष, म्हणून क्ष = ३. म्हणजे दोन्ही संख्या सारख्या असतील तेव्हाच अदलाबदल चालते, एरवी नाही. क्रमनिरपेक्षता ही फुकट मिळत नाही, तपासावी लागते, हे या एका समीकरणात दिसते.

आता नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात जाऊ. दुकानावर '५० + २० टक्के सूट' अशी पाटी दिसली तर सूट ७० टक्के होते काय? शंभराच्या वस्तूचे पन्नास झाले, त्यावर वीस टक्के म्हणजे दहा कमी; उरले चाळीस. सूट ६० टक्के. पाटीवरचे + हे आपले + नव्हेच! त्याची व्याख्या अशी : अ * ब = अ + ब − अब/१००. येथे अदलाबदल चालते, आणि शून्य हा अविकारक घटक आहे. ४० टक्क्यांवर आणखी किती सूट दिली म्हणजे एकूण ७० होईल? ४० + क्ष − ०.४क्ष = ७०, म्हणून क्ष = ५०. मात्र १०० * क्ष = ८० ला उत्तरच नाही; फुकट दिलेली वस्तू पुन्हा महाग कशी होणार?

दुसरे उदाहरण शिक्षकांच्या टेबलावरचेच. अ ∘ ब = (अ + ब)/२, म्हणजे सरासरी. अदलाबदल चालते, पण साहचर्य नाही. ४०, ६०, ८० या गुणांसाठी (४० ∘ ६०) ∘ ८० = ६५ येतात, ४० ∘ (६० ∘ ८०) = ५५ येतात आणि खरी सरासरी आहे ६०. पहिल्या दोन चाचण्यांची सरासरी काढून तिची तिसरीशी सरासरी काढणाऱ्या गुणपत्रकात पाच गुणांचा फरक पडतो, आणि तो कोणा मुलाच्या वाट्याला येतो.

स्वतः क्रिया ठरवून तिच्यामागे जाण्याचा छंद देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांना होता. संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा : २१ पासून २४, २४ पासून ३०. मग प्रश्न असा की या क्रियेने २० कशापासून मिळतील? एकअंकी संख्या दुप्पट होते, म्हणून १० लागतील. ती एकअंकी नाही. दहा ते एकोणीसमधील संख्येचा एकक अंक क्ष मानला तर ११ + २क्ष = २०, क्ष = ४.५; असा अंक नाही. वीस व त्यापुढील संख्यांपासून वीसपेक्षा जास्तच मिळते. म्हणून २० कशापासूनच मिळत नाही. अशा संख्यांना 'देवळाली संख्या' असेही म्हणतात. यानंतरची ३१ आहे. तिच्या पुढची शोधण्याचे काम आठवी-नववीच्या वर्गाला एका तासात जमते.