टाक्यांआधीची आखणी

ब्रेस्ट लिफ्टच्या ऑपरेशनात सुरीच्या आधी मार्कर येतो, आणि तो येतो तेव्हा पेशंट पूर्ण शुद्धीत, दोन पायांवर उभी असते. आडवं झालं की स्तन बाजूला पसरतात आणि ओघळ किती आहे ते कळेनासं होतं. म्हणून माझ्या मावसबहिणीच्या ऑपरेशनच्या सकाळी, पुण्यात, डॉक्टर मॅडम स्टुलावर बसल्या होत्या आणि ती समोर उभी होती. दोघींच्या परवानगीने मी कोपऱ्यात, नर्सशेजारी.

"खांदे सैल सोडा. पोट आत ओढू नका, फोटो झालेत आता," मॅडम म्हणाल्या. फोटो खरंच आधी झाले होते: समोरून, तिरके, दोन्ही बाजूंनी, चेहरा वगळून आणि लेखी संमती घेऊन.

गळ्याच्या मुळाशी जी खळगी असते तिथे पहिला ठिपका पडला. तिथून बेंबीच्या दिशेने मध्यरेषा. मग दोन्ही स्तनांवरून उतरणारी एकेक उभी रेघ, खालची घडी, आणि टेप. खळगीपासून स्तनाग्रापर्यंत उजवीकडे २६ सेंटिमीटर, डावीकडे साडेसत्तावीस. बहीण दचकली. "दोन्हीकडे तंतोतंत सारखं कुणाचंच नसतं हो," नर्स लिहिता लिहिता म्हणाली.

पुढचा भाग खरा कसबाचा. मॅडमनी खालच्या घडीत बोटं घालून हलकेच पुढे दाबली आणि वरच्या बाजूने कातडी जिथे किंचित उचलली गेली तिथे खूण केली. स्तनाग्राची नवी जागा साधारण इथे. ब्राझीलचे प्लास्टिक सर्जन इवो पितांगी यांच्या नावाने ही खूण ओळखतात. मॅडमनी मात्र मागे सरकून दोनदा पाहिलं, स्पिरिटच्या बोळ्याने खूण पुसली आणि सेंटिमीटरभर खाली घेतली. का, म्हणून मी विचारलं.

"कमी पडलं तर पुढे वर नेता येतं. जास्त वर गेलं तर खाली आणायला कातडी कुठून आणू? ब्लाउजच्या गळ्यातून दिसत राहतं मग."

छेद कुठे घ्यायचे हे पहिल्या भेटीतच ठरलं होतं. स्तनाग्र घडीच्या रेषेत आहे, त्याखाली आहे, की अगदी तळाशी जमिनीकडे वळलंय, यावर ओघळीच्या पायऱ्या ठरतात. डॉ. पॉल रेनो या बाईंनी १९७६ साली मांडलेली ही पद्धत आजही वापरतात. बहिणीची शेवटची पायरी. म्हणजे टाके स्तनाग्राभोवती, तिथून सरळ खाली आणि घडीतून आडवे. व्रण फिके होतात, जात नाहीत. छातीवर काहींचे जाडही होतात. शिवाय लिफ्टने स्तन वर येतो, भरत नाही. मॅडमनी हे तिच्याकडून पुन्हा वदवून घेतलं, ते मला फार आवडलं. मेडिक्लेम या ऑपरेशनाला सहसा मिळत नाही. "दोन पोरांनंतर हे कशाला?" असं विचारणाऱ्या आत्या मात्र फुकट मिळतात.

बाकी तयारी रुळलेली. चाळिशी उलटलेली म्हणून मॅमोग्राफी, मग रक्त, साखर, ईसीजी. वजन काही महिने स्थिर हवं. अ‍ॅस्पिरिन, दुखण्याच्या गोळ्या, फिश ऑइल, लसणाच्या कॅप्सुला, घरगुती काढे, सगळं डॉक्टरांपुढे ठेवायचं. काय बंद करायचं ते त्या सांगतात.

पण आखणीची ही सकाळ लांबली होती ती मिश्रीमुळे. फॉर्मवर 'धूम्रपान' असा रकाना होता, बहिणीने 'नाही' लिहिलं. खोटं काहीच नव्हतं. पुढे भूलतज्ज्ञांनी तपासणीत तोंड उघडायला लावलं, हिरड्या पाहिल्या आणि विचारलं, "मिश्री लावता का?" ती लाजून म्हणाली, "सकाळी फक्त. पोट साफ व्हायला." मग दुपारच्या चहानंतरची निघाली, रात्रीचीही निघाली.

मिश्री म्हणजे भाजून कुटलेला तंबाखूच. त्यातलं निकोटीन हिरडीवाटे रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आवळतं. या ऑपरेशनात स्तनाग्र कापून वेगळं काढत नाहीत. आतल्या मांसाच्या एका पट्ट्यावर, त्यातल्याच रक्तपुरवठ्यावर ते जगवत वर नेतात. तो पुरवठा आटला तर कातडीच्या कडा काळ्या पडतात, टाके उसवतात, क्वचित स्तनाग्रच जातं. आधी किमान चार आठवडे आणि नंतरही तितकेच मिश्री बंद, तरच तारीख, असं मॅडमनी बजावलं. डबी तिने माझ्याकडे दिली. पहिला आठवडा डोकेदुखीचा, चिडचिडीचा गेला. पोटासाठी डॉक्टरांनी इसबगोल दिलं.

आदल्या रात्री जेवण लवकर. दुधाचा चहा खाण्यातच मोजतात, त्यामुळे पहाटेचा कपही बंद. साधं पाणी तेवढं भुलेआधी दोन तासांपर्यंत. जोडवी, बांगड्या, मंगळसूत्र काढून ठेवायचं, कारण रक्त थांबवायला विजेचं उपकरण वापरतात आणि धातूपाशी चटका बसू शकतो. घरी वरच्या फळीवरचे डबे ओट्यावर आणून ठेवले, पुढून उघडणारे गाऊन घेतले, कारण काही आठवडे हात वर न्यायचे नसतात.

हॉस्पिटलांनी फॉर्मवर मिश्रीचा वेगळा रकाना छापावा. आपल्याकडे तंबाखू ओढणाऱ्या बायका कमी, लावणाऱ्या खूप. आणि तोवर, ऑपरेशन कुठलंही असो, कुणी विचारलं नाही तरी डॉक्टरांना आपणहून सांगा.