फोनची किंमत आणि पगाराची तारीख

एप्रिल २०२५ मधल्या पहिल्या रविवारी सकाळी मी चहाचा दुसरा कप घेऊन बसलो होतो आणि एडिसनहून भाच्याचा फोन आला. एडिसन म्हणजे न्यू जर्सी. तिकडे शनिवारची मध्यरात्र.

"मामा, आज चार फोन घेतले."

"दुकान काढतोयस की काय?"

"अहो, महाग होणार आहेत! आमच्या ऑफिसात सगळेच घेतायत."

दोन एप्रिलला ट्रम्पसाहेबांनी साऱ्या जगाच्या मालावर आयात शुल्क जाहीर केले होते. भारताच्या मालावर २६ टक्के. चीनच्या मालावर ३४, तेही आधीच्या २० टक्क्यांवर. अमेरिकेत विकले जाणारे आयफोन तेव्हा मुख्यतः चीनमधून जात, काही आपल्या तमिळनाडू-कर्नाटकातून. तेव्हा दर कडाडणार, या भीतीने लोक दुकानांत गेले. भाच्याने चारही एकाच जातीचे घेतले. १२८ जीबीचे, ७९९ डॉलरचे. दोन नवराबायकोला, एक माझ्या बहिणीला, एक मामाला. न्यू जर्सीचा विक्रीकर धरून बिल ३,४०० डॉलरच्या वर गेले.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. चीनवरचे शुल्क त्याच आठवड्यात वाढत वाढत १४५ टक्क्यांवर गेले. कंपनीने भारतातून खास मालवाहू विमाने भरून सुमारे ६०० टन फोन अमेरिकेला नेल्याची बातमी रॉयटर्सने दिली. आणि ११ एप्रिलला स्मार्टफोनना त्या नव्या शुल्कांतून सूटच मिळाली! चीनवरचे आधीचे २० टक्के तेवढे राहिले. कंपनीने जूनच्या तिमाहीत शुल्कापोटी सुमारे ८० कोटी डॉलर सोसले, आणि सप्टेंबरात नवे मॉडेल आले ते त्याच ७९९ डॉलरना, दुप्पट साठवणुकीसह. भाच्याला मी हे मुद्दाम फोन करून सांगितले. मामांना एवढा अधिकार असतो.

पण त्याला हसताना मला आमची परळची चाळ आठवत होती. १९७२ च्या दुष्काळानंतरची महागाई. तेल येणार म्हटले की आई दोन बरण्या घेऊन रांगेत, मी तिसरी घेऊन तिच्या मागे. टंचाईची कुणकुण लागली की माणूस आधी साठवतो. बरणी काचेची असो की पेटी आयफोनची. फरक एवढाच, की मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी लाटणे मोर्चा काढला तेव्हा आई लाटणे घेऊन त्यातही गेली होती. फोन महागला म्हणून कोणी मोर्चा काढत नाही. फोनच्या महागाईवरची प्रतिक्रिया मूक असते. फुटलेल्या काचेवर चिकटपट्टी लावून माणसे आणखी एक वर्ष काढतात.

करांचेही असेच, ते मुकाट असतात. न्यू जर्सीत विक्रीकर बिलावर वेगळा छापतात, म्हणून तो डोळ्यांना दिसतो. आयात शुल्क तसे दिसत नाही. ते बंदरावर भरले जाते आणि वस्तूच्या अंगात मुरते. आपण स्वतः हे पुष्कळ केले आहे. २०१७ च्या जुलैत परदेशी मोबाइलवर १० टक्के सीमाशुल्क बसले, डिसेंबरात ते १५ झाले, फेब्रुवारी २०१८ मध्ये २०. कारखाने इथे यावेत हा हेतू, आणि ते आलेही, हे मान्य केले पाहिजे. जुलै २०२४ मध्ये शुल्क पुन्हा १५ वर आणले. मधल्या काळात, एप्रिल २०२० पासून, मोबाइलवरचा जीएसटी १२ चा १८ झाला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर उतरले, मोठे टीव्ही २८ वरून १८ वर आले. फोन होते तिथेच राहिले.

बँकेतली सवय जात नाही, म्हणून एक हिशेब करतो. भाच्याचा ७९९ डॉलरचा फोन २०२४ मध्ये इथे ७९,९०० रुपयांना आला. डॉलर ८४ रुपयांच्या आसपास, म्हणजे तिकडची किंमत ६७ हजारांच्या थोडी वर. आता ७९,९०० मधून १८ टक्के जीएसटी बाजूला काढा. उरतात ६७,७१२. तिकडून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला "येताना एक फोन आण" असे सांगतो, ते मुख्यतः या फरकासाठी.

आता मला जे सांगायचे आहे ते वेगळेच आहे, आणि थोडे लाजिरवाणे.

२००१ च्या सुमारास मी ठाण्यातल्या एका शाखेत कर्जविभाग सांभाळत होतो. एक प्लंबर आला. खाते आमच्याकडेच, व्यवहार चोख. त्याला आठ हजारांचे कर्ज हवे होते, मोबाइल घ्यायला. तेव्हा येणाऱ्या कॉलचेही पैसे पडत. मी त्याला पंख्याखाली बसवले, चहा पाजला आणि समजावले, की बँक उत्पादक कामाला कर्ज देते, चैनीला नाही. पाइप कापायचे यंत्र घ्या, आज मंजूर करतो. तो म्हणाला, "साहेब, यंत्र आहे. गिऱ्हाईक मला शोधत येतं तेव्हा मी दुसऱ्याच्या मोरीत असतो." मी हसलो. अर्जावर 'कर्जाचे कारण' असा रकाना होता, त्यात त्याने स्वतःच्या अक्षरात 'धंदा' लिहिले होते. मी अर्ज परत केला. त्यानंतर तो शाखेत आला तो खाते बंद करायला.

हा माणूस मी बरीच वर्षे विसरलो होतो. डिसेंबर २०२५ मध्ये आमच्या पोळ्यांच्या मावशींचा फोन गेला तेव्हा तो आठवला.

त्यांचा फोन सात वर्षांचा. स्क्रीन आधीच तडकलेली, एके दिवशी ती काळीच पडली. आणि त्यासोबत त्यांचे काय काय बंद पडले ते मी चार दिवस पाहिले. आमच्या सोसायटीच्या फाटकावर त्यांचा प्रवेश फोनवर नोंदवतात. वॉचमन रोज इंटरकॉम करू लागला. दोन घरे पगार फोनवर पाठवत, त्यांनी "फोन आला की देऊ" म्हटले. मुलगी दहावीला, तिच्या शाळेच्या सूचना आईच्या व्हॉट्सॲपवर. एका घरी पाहुणे येणार म्हणून जास्तीच्या पोळ्यांचा निरोप होता, तो पोचला नाही. तिथे बोलणी खाल्ली.

भाच्याने घेतलेला चौथा फोन त्याच महिन्यात माझ्यापर्यंत पोचला होता. माझा जुना मी मावशींना देऊ केला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "काका, याची बॅटरी टिकते का?" दुपारपर्यंत टिकते, म्हटले. "मी सहाला घर सोडते," त्या म्हणाल्या आणि फोन अदबीने टेबलावर ठेवला.

मी त्यांच्याबरोबर दुकानात गेलो. त्यांनी हेरून ठेवलेल्या मॉडेलला दिवाळीपेक्षा दीड हजार जास्त पडत होते. दुकानदार म्हणाला, मेमरी चिप महागली. ते खरे आहे. जगातले मेमरी करणारे कारखाने एआयच्या डेटा सेंटरांकडे वळले आहेत आणि उरलेल्यांसाठी चणचण आहे. त्यातच रुपया त्या महिन्यात डॉलरला नव्वदच्या पलीकडे गेला. कॅलिफोर्नियातल्या यंत्रांची भूक ठाण्यातल्या पोळ्या लाटणाऱ्या बाईने का भागवावी, हे दुकानदाराला विचारून उपयोग नव्हता.

रोख १३,७००. त्यात जीएसटीच सुमारे २,०९०. दर तोच, जो आयफोन घेणाऱ्याला. हप्त्यांवर घ्यायचा तर १४,५००: आधी २,५००, मग दोन हजारांचे सहा हप्ते, "बिनव्याजी", वर प्रक्रिया शुल्क ३५४. शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच परिपत्रक काढून बँकांना सुनावले होते. मी तिथेच कागदावर मांडले. ११,२०० रुपयांच्या उधारीवर सहा महिन्यांत १,१५४ रुपये. वर्षाला तीस टक्क्यांच्या वर पडते.

"मी रोख भरतो, तुम्ही मला द्या सावकाश," मी म्हणालो.

"नको काका. तुमच्याकडे कामाला येते मी. उद्या काम सोडायचं झालं तर?"

यावर मला उत्तर सुचले नाही. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला, "तेवढं वाचून द्या." मी चष्मा लावून सगळी बारीक अक्षरे वाचली. हप्ता थकला तर दंड किती, ते सांगितले. कारणाचा रकाना त्यात कुठेच नव्हता. त्यांनी सही केली.

बाहेर पडल्यावर त्यांनी एकच विचारले. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला कापणार. आमच्याकडून पगार सातला होतो. तो जरा आधी मिळेल का?

वीस वर्षे आमच्या घरी पगाराची तारीख सात होती, माझ्या सोयीची. जानेवारीपासून आम्ही एक तारखेला देतो.