हार्लेममधील एक लहान शाळा

अमक्या शाळेचा निकाल किती टक्के लागला, हा प्रश्न आपल्या घरांतून दरवर्षी विचारला जातो. परंतु त्या शाळेतील मुले कोणत्या घरांतून आली होती, हे सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः दुसऱ्या प्रश्नावाचून पहिल्याचे उत्तर अपुरे होय. सुशिक्षित घरांतील निवडक मुले घेऊन उत्तम निकाल लावणे कौतुकास्पद खरे. पण त्यात शाळेचा वाटा किती व घराचा किती, हे कोण सांगणार? शाळेची खरी पारख करावयाची, तर जिथे घराचे पाठबळ बेताचे, अशीच शाळा पाहिली पाहिजे. असे एक उदाहरण अमेरिकेत घडले. ते विचार करण्याजोगे आहे.

न्यूयॉर्क शहरातील मॅनहॅटन बेटावर ईस्ट हार्लेम नावाची वस्ती आहे. पोर्तो रिको बेटावरून आलेल्या स्पॅनिशभाषक कुटुंबांची आणि कृष्णवर्णीयांची ही वस्ती पुष्कळ काळ दारिद्र्याबद्दलच प्रसिद्ध होती. तेथे डेबोरा मायर या शिक्षिकेने १९७४ साली एक प्राथमिक शाळा काढली. तिचा जम बसल्यावर १९८५ मध्ये ‘सेंट्रल पार्क ईस्ट सेकंडरी स्कूल’ ही माध्यमिक शाळा सुरू झाली. ब्राउन विद्यापीठाचे थिओडोर सायझर यांनी १९८४ साली शाळासुधारणेसाठी जो संघ स्थापिला होता, त्याचे तिला साहाय्य होते. शाळा सरकारी, म्हणजे विनाशुल्क होती. आरंभी सातवीचाच वर्ग होता. पुढे दरसाल एकेक वर्ग वाढत गेला आणि १९९१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली.

पटावर सुमारे साडेचारशे मुले असत. त्यांत कृष्णवर्णीय व स्पॅनिशभाषक यांचा भरणा मोठा होता. निम्म्याहून अधिक मुलांच्या घरची मिळकत इतकी अल्प, की त्यांस शाळेत फुकट वा सवलतीचे भोजन मिळे. तिकडे दारिद्र्याचे हेच माप धरतात. ज्यांस विशेष शिक्षणाची गरज आहे अशी मुलेही थोडीथोडकी नव्हती. त्या काळी न्यूयॉर्क शहरात माध्यमिक शिक्षण वेळेवर पुरे करणारी मुले निम्म्याच्या आसपास असत. या शाळेतील बहुतेक सर्व मुलांनी ते पुरे केले, आणि पुरे करणाऱ्यांपैकी सुमारे नव्वद टक्के महाविद्यालयात गेली.

हे साधले कसे? प्रथम व्यवस्था पाहू. मोठ्या शाळेत एका शिक्षकाच्या हाताखालून दिवसाकाठी दीडशे मुले जातात. त्यांची नावेही त्याच्या ध्यानात राहत नाहीत. येथे गणित व विज्ञान मिळून एक विषय केला, भाषा व इतिहास मिळून दुसरा केला, आणि तासिका लांबविल्या. त्यामुळे एका शिक्षकाकडे चाळीसच्या आसपास मुले उरली. शिवाय पंधराएक मुलांचा एक गट एकेका शिक्षकाच्या स्वाधीन असे. मुलाच्या घरी काय चालले आहे, त्याचे कुठे अडते आहे, हे त्या शिक्षकास ठाऊक असलेच पाहिजे, असा दंडक होता.

दुसरी गोष्ट अध्यापनाची. कोणताही विषय असो, मुलाने पाच प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावयाची: हे कशावरून? हे कोणाच्या दृष्टीने? याचा संबंध आणखी कशाकशाशी? निराळे घडले असते तर? आणि याचे महत्त्व ते काय? न्यायशास्त्राचा थोडाबहुत परिचय असलेल्या वाचकास यातील पहिला प्रश्न ओळखीचा वाटेल. प्रमाणावाचून प्रमेय नाही, हेच ते तत्त्व.

तिसरी गोष्ट परीक्षेची. शेवटल्या दोन वर्षांत विद्यार्थ्याने चौदा विषयांतील आपल्या कामाचा संग्रह सिद्ध करावयाचा. त्यांत गणित, विज्ञान, इतिहास, वाङ्मय, परभाषा, कला येत. तसेच नीतिविचार, समाजसेवा आणि आत्मचरित्रही येई. पैकी सात विषयांचे समर्थन समितीपुढे तोंडी करावे लागे. समितीत शिक्षक असत, विद्यार्थ्याने निवडलेली एक वडील व्यक्ती असे, आणि एक सहाध्यायीही असे. काम उणे ठरल्यास ते सुधारून पुन्हा यावयाचे. आपल्या पाठशाळांतील शलाकापरीक्षेचे येथे स्मरण होते. पोथीत सळई घालावी, ती जेथे थांबेल ते पान विद्यार्थ्याने उलगडून सांगावे, आणि पंडितांच्या शंकांचे निरसन करावे. पाठांतराचे सोंग तेथे टिकत नसे.

आता पूर्वपक्ष. आक्षेपक म्हणतात, ही शाळा आईबापांनी हौसेने निवडलेली; ज्यांस मुलांच्या शिक्षणाची आस्था, तेच तिकडे वळले; मग श्रेय शाळेचे कसे? हा आक्षेप वजनदार आहे, आणि टक्केवारी वाचताना तो विसरता कामा नये. परंतु आस्था असलेली गरीब कुटुंबे त्या शहरात इतरत्रही होती. आस्थेला जोड न मिळाल्यास ती किती काळ तग धरते, हे शिक्षकी पेशात आयुष्य घालविलेल्या माणसास सांगावयास नको.

पुढील इतिहास मात्र तितका सुखद नाही. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास मायरबाई शाळा सोडून गेल्या. १९९६ पासून न्यूयॉर्क राज्याने आपल्या लेखी परीक्षा क्रमाक्रमाने सर्वांस सक्तीच्या केल्या. मूळ पद्धती त्या शाळेत टिकली नाही, जरी न्यूयॉर्कमधील काही शाळांच्या एका संघाने तोंडी समर्थनाची परीक्षा पुढे चालू ठेविली. मायरबाईंनी १९९७ साली बोस्टन येथे काढलेली मिशन हिल शाळा तर, त्या तेथून गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, मुलांच्या सुरक्षिततेची हेळसांड झाल्याचे चौकशीत आढळून आल्यावरून २०२२ मध्ये बंद करण्यात आली. तात्पर्य, शाळा लहान असणे हा गुणाचा आधार खरा, पण गुणाची हमी नव्हे. मुलाला नावानिशी ओळखणारी माणसे आणि त्या माणसांवरही नजर ठेवणारी व्यवस्था, दोन्ही लागतात.

आपल्या घरांपुरता यातून एक बोध घेता येईल. गुणपत्रिका हाती आली, की टक्क्यांबरोबरच मुलास विचारावे, ‘यंदा शिकलास त्यातील एखादी गोष्ट आम्हांस समजावून सांग बरे, आणि ती खरी, हे कशावरून?’ मात्र एकदा ही सवय लागली, की मुलगा तोच प्रश्न आजोबांस व काकांसही विचारील. एकत्र कुटुंबात तो सर्वांस रुचेलच असे नाही. तरीही त्यास रागे न भरता उत्तर द्यावे. कारण विद्या घरात आल्याची तीच पहिली खूण होय.