चुक्याचे मायक्रोग्रीन्स: आधी खायला शिकवा, मग विका

चुक्याचा डबा एकदा नेलेलं गिऱ्हाईक परत का येत नाही? बऱ्याचदा त्याने ती कोवळी पानं भाजीसारखी शिजवलेली असतात. शिजवली की रंग मळकट होतो, पानं गळून जातात आणि लिंबासारखा ताजा आंबटपणा उरत नाही. म्हणून डब्यावरच लिहा: ‘गॅस बंद केल्यावर वरून घाला.’ वरण, ऑम्लेट, काकडीची कोशिंबीर, तळलेला मासा, कशावरही चिमूटभर पुरे. लिंबू मात्र कमी पिळा.

हा आंबटपणा मुख्यतः ऑक्झॅलिक आम्लाचा. त्यामुळे मुतखड्याचा त्रास असलेल्यांना ‘डॉक्टरांना विचारून खा’ असं आपणच सांगायचं. एखादा डबा कमी खपेल, पण विश्वास बसेल.

आणि हो, मुळ्यापेक्षा चुका ट्रेमध्ये जास्त दिवस घेतो. भाव ठरवताना तेही धरा!